शाळेचे दार आधी कोणासाठी उघडावे?

पावसाची पहिली सर आणि शाळेची पहिली घंटा या दोन्ही गोष्टी गोमंतकात तेव्हा जून महिन्यात येत असत. 2020 च्या जूनमध्ये पाऊस आला; घंटा मात्र वाजली नाही. करोनाच्या साथीमुळे शाळा मार्चमध्येच बंद झाल्या होत्या. हे संकट केवळ आपल्यावरच कोसळले होते असे नव्हे. युनेस्कोच्या गणनेप्रमाणे त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जगातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी शाळेबाहेर होते. पुढे साथ ओसरली, आणि 2023 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणीची स्थिती संपल्याचे जाहीर केले. तथापि, असे संकट पुन्हा येणारच नाही अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. म्हणून बंद पडलेली शाळा सुरक्षितपणे कशी उघडावी, याचा विचार आज, शांत चित्ताने करून ठेवणे इष्ट होय.

गोव्यात शाळा कोणत्या क्रमाने उघडल्या ते प्रथम पाहू. 21 नोव्हेंबर 2020 रोजी दहावी व बारावीचे वर्ग सुरू झाले. परीक्षा समोर उभी होती, त्यामुळे हे स्वाभाविक वाटले. प्राथमिक वर्गातील मुलांना मात्र 2022 च्या फेब्रुवारीपर्यंत वाट पाहावी लागली. याचा अर्थ काय झाला? 2020 च्या जूनमध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीच्या पटावर लागले, ते वर्गात प्रथम बसले तेव्हा त्याचे दुसरीचे वर्षही सरत आले होते. दहावीचा मुलगा पुस्तक हाती घेऊन स्वतः काही शिकू शकतो. ज्याला अक्षरच ठाऊक नाही, त्याने काय करावे? त्याला शेजारी बसणारा, बोट धरून गिरवून घेणारा गुरुजीच हवा. ज्याला शाळेची गरज सर्वाधिक, त्याच्यासाठीच तिचे दार सर्वांत शेवटी उघडले!

मोबाईलच्या पडद्यावरून शिकवण्याचा प्रयत्न शिक्षकांनी निष्ठेने केला, हे मान्य केले पाहिजे. पण पेडणे व डिचोली तालुक्यांतील घरांची स्थिती त्या वेळी कशी होती? 2018 च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्यापासून डिचोलीतील अनेक कुटुंबांची मिळकत आधीच आटली होती. हरमल, मोरजी, मांद्रे या किनाऱ्यावर पर्यटकांची वर्दळ थांबली, तेव्हा पेडण्यातील घरांनाही तीच झळ लागली. घरात मोबाईल एक, तो वडिलांबरोबर कामावर जाणार. उरलेल्या वेळात त्यावर पहिला हक्क मोठ्या भावंडाचा. डोंगराच्या कुशीतील वाड्यांवर तर मोबाईलला रेंज मिळणेच दुर्मीळ. अशा ठिकाणी पहिलीच्या मुलाच्या वाट्याला कितीसे शिक्षण येणार?

शाळा बंद ठेवणाऱ्यांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. 2021 च्या मे महिन्याच्या आरंभी गोव्यात चाचणी केलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक बाधित ठरत होते. आपल्याकडे एकाच घरात आजी-आजोबा आणि नातवंडे राहतात. मूल स्वतः सौम्य आजारी पडले तरी रोग घरात आणू शकते. ही चिंता योग्यच होती. प्रश्न एवढाच की, त्या चिंतेचे उत्तर सर्व राज्याला एकाच मापाचे कुलूप हेच होते काय?

हा रोग मुख्यतः श्वासावाटे, कोंडलेल्या हवेतून पसरतो, हे कालांतराने स्पष्ट झाले. तेव्हा शाळेची सुरक्षितता हात किती वेळा धुतले यावरून जितकी ठरते, त्याहून अधिक ती खोलीत माणसे किती आणि हवा खेळते किती, यावरून ठरते. या कसोटीवर आपल्या खेड्यांतील सरकारी प्राथमिक शाळा शहरातील गजबजलेल्या शाळांपेक्षा सरस उतरतात. कित्येकांचा पट वीस मुलांच्याही आत आहे. कौलारू छप्पर, लांब पडवी, पुढे अंगण. डेन्मार्कसारख्या देशाने 15 एप्रिल 2020 रोजीच शाळा उघडल्या, त्या लहान मुलांसाठी प्रथम; छोटे छोटे गट करून, शक्य तेथे वर्ग बाहेर भरवून. आपल्याला तर हे नवीन नाही. मुक्तीपूर्वी शेणैमामांनी देवळाच्या मंडपात आणि कोणाच्या तरी घराच्या पडवीतच मराठी शिक्षण जिवंत ठेवले नव्हते काय?

अर्थात अडचणी आहेत. जून ते सप्टेंबर पावसाची झड आत येते म्हणून आपण खिडक्या लावून घेतो, आणि हवा कोंडते. त्यासाठी खिडक्यांवर पुरेसे रुंद छज्जे हवेत, समोरासमोरच्या दोन खिडक्या तरी उघड्या राहिल्या पाहिजेत. ही कामे साथ नसतानाच व्हावयास हवीत. दुसरी अडचण वाहतुकीची. वर्गात अंतर राखलेली मुले बालरथात वा कदंबच्या बसमध्ये एकमेकांना खेटून बसली, तर सारे व्यर्थ. तेथे दोन फेऱ्या आणि दोन पाळ्या हाच उपाय. तिसरी अडचण एकशिक्षकी शाळांची. तेथील शिक्षक तापाने अंथरुणाला खिळला की शाळा आपोआप बंद! भागशिक्षणाधिकाऱ्यांपाशी बदली शिक्षकांची यादी तयार असेल तरच ती चालू राहील.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. शाळा उघडावी की न उघडावी हा निर्णय सर्व राज्यासाठी एका हुकमाने न होता, एकेका शाळेपुरता व्हावा. मये वा कासारवर्णे येथील आरोग्य केंद्राला आपल्या भागात रुग्ण किती हे ठाऊक असते. पालक-शिक्षक संघाला कोणत्या घरी कोण वृद्ध आणि आजारी आहे हे ठाऊक असते. मुख्याध्यापकाला आपली खोली ठाऊक असते. या तिघांनी एकत्र बसून ठरवावे. आजार आढळला तर तेवढाच वर्ग काही दिवस थांबावा, तालुक्यातील सगळ्या शाळा नव्हेत. ज्या घरी धोका अधिक, तेथील मुलासाठी शिक्षकाने आठवड्यातून एकदा अभ्यास पोचवावा आणि परत न्यावा.

आणि कुलूप निघाले म्हणजे शाळा उघडली असे समजू नये. जे मूल परत येते ते इयत्तेने तिसरीत असेल, पण वाचनाने पहिलीतच असेल. त्याला तिसरीचे पुस्तक देऊन पुढे रेटणे म्हणजे पाया नसताना भिंत चढविणे होय. पहिले काही महिने अक्षरे आणि अंक यांनाच द्यावेत. अभ्यासक्रम मागे पडला तरी चालेल.

पुढच्या साथीत शाळा बंद करण्याची वेळ कदाचित येईल. तेव्हा एवढेच स्मरणात असावे: सर्वांत शेवटी बंद व्हावी ती गावातील लहान शाळा, आणि सर्वांत आधी उघडावी तीही तीच. पहिलीच्या मुलाला वाट पाहावयास लावणे आपल्याला परवडणारे नाही. त्याची दोन वर्षे पुन्हा परत मिळत नाहीत.