वॉटफर्डचा फलाट



वॉटफर्ड हे लंडनच्या वायव्येचे गाव. रेल्वे तेथे १८३७ साली पोहोचली. आज वीसेक मिनिटांत यूस्टन गाठणारी गाडी, हेच गावाचे भांडवल. एका मराठी कुटुंबाकडे मी काही दिवस उतरलो होतो. सकाळी फलाटावर डोंबिवली आठवे. परंतु आपल्या लोकलमध्ये भजनी मंडळ जमते, तेथे शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही. येथे माणसे केवळ झोपायला येतात, असे माझे मत झाले.

ते बदलले जवळच्या लेचमोर हीथ खेड्यामुळे. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने १९७३ साली तेथील वाडा इस्कॉनला दिला. तोच भक्तिवेदान्त मॅनर. जन्माष्टमीला हजारोंची रीघ लागू लागली, अरुंद रस्ते मोटारींनी तुंबले. ग्रामस्थांनी तक्रारी केल्या. त्या सर्वांना हिंदुद्वेष्टे ठरविणे अन्यायाचे होईल. शांततेसाठीच तर त्यांनी तेथे घरे घेतली होती! मात्र स्थानिक परिषदेने सार्वजनिक पूजाच रोखू पाहिली, तेव्हा प्रश्न रहदारीचा उरला नाही. १९९४ साली हजारो हिंदू लंडनच्या रस्त्यावर उतरले. एरवी वर्तमानपत्रात तोंड खुपसून प्रवास करणारा आपला नोकरदारही घोषणा देत चालला. १९९६ साली सरकारने सार्वजनिक पूजेला आणि स्वतंत्र रस्त्याला परवानगी दिली. भाविक आता त्या रस्त्याने येतात, खेड्याची शांतता खेड्यापाशी राहते.

सोमवारी पुन्हा तोच मुका फलाट. पण माझ्या यजमानांना पाहून दोघांनी मान हलविली. “मंदिरातले,” ते हळूच म्हणाले.