निबंधलेखन : सांगण्याकडून समजावण्याकडे
(व्याख्यानाचा मजकूर)



स्पर्धा परीक्षेतील निबंधाचा पाया पदवीच्या नव्हे, तर सहावी ते आठवीच्या वर्गांत घातला जातो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो व त्यात दोन निबंध लिहावे लागतात. तेथे अडखळणाऱ्या उमेदवाराजवळ पुष्कळदा माहिती भरपूर असते. त्या माहितीतील कार्यकारणसंबंध उलगडण्याची सवय मात्र नसते.

वर्णनात्मक निबंध वस्तू कशी दिसते हे सांगतो. वैचारिक निबंध मत मांडतो. स्पष्टीकरणात्मक निबंध ‘हे असे का?’ या प्रश्नाचे उत्तर देतो. शाळेत ऋतू, सहल आणि आत्मवृत्त यांचा सराव होतो. हा तिसरा प्रकार बहुधा मागे पडतो. तो कसा शिकवावा, हे एका उदाहरणाने पाहणे उचित ठरेल.

खंडेराव दरवाजाचे उदाहरण

झाशीच्या जुन्या परकोटाला असलेल्या दरवाजांपैकी एक म्हणजे खंडेराव गेट. तेथील सातवीच्या वर्गाला ‘आमचे शहर’ हा विषय दिला, तर पाठ केलेली वाक्येच वहीत उतरण्याचा संभव अधिक. त्याऐवजी ‘बुंदेलखंडातील शहराच्या दरवाजाला मराठी वळणाचे नाव कसे?’ असे विचारले, तर पाठांतर उपयोगी पडत नाही. विचार करावा लागतो.

पहिली पायरी निरीक्षणाची. मुलांनी दरवाजांची नावे गोळा करावीत : ओरछा, दतिया, सागर, भांडेर, बडागाव, लक्ष्मी, खंडेराव. दुसरी पायरी वर्गीकरणाची. ओरछा, दतिया, सागर, भांडेर, बडागाव ही गावांची नावे आहेत. त्या त्या गावाकडे जाणाऱ्या वाटेवरून दरवाजा ओळखला गेला. लक्ष्मी व खंडेराव ही नावे या गटात बसत नाहीत. जे गटात बसत नाही, तेथेच निबंधाचा प्रश्न जन्मतो.

तिसरी पायरी कारणांच्या साखळीची. झाशीचा किल्ला ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बांधला. १७२९ मध्ये बंगशाच्या आक्रमणाच्या वेळी पहिला बाजीराव छत्रसालाच्या मदतीस गेला. त्यामुळे पेशव्यांना बुंदेलखंडात वाटा मिळाला. वाटा मिळाला म्हणून कारभारी नेमावे लागले. १७४२ पासून नारोशंकर झाशीचा सुभेदार होता. कारभाऱ्यांबरोबर मराठी कुटुंबेही येथे स्थायिक झाली. म्हणून येथे मराठी नाव आढळणे स्वाभाविक ठरते. या परिच्छेदात ‘त्यामुळे’ व ‘म्हणून’ हे शब्द काढून पाहावेत. उरते ती केवळ सनावळी.

चौथी पायरी सर्वांत अवघड, ती म्हणजे मर्यादा ओळखण्याची. खंडेराव हे खंडोबाचेही नाव आहे आणि माणसांचेही. तेव्हा वरील साखळी मराठी नाव येथे का आले एवढेच स्पष्ट करते. दरवाजा नेमक्या कोणत्या खंडेरावाचा, हे ती सिद्ध करीत नाही. नावावरून तर्क करता येतो, निष्कर्ष काढता येत नाही. हा भेद बाराव्या वर्षी उमगलेला विद्यार्थी पुढे अफवेला सहजासहजी बळी पडत नाही.

साधनांचीही अशीच पारख हवी. १८५८ च्या वेढ्याच्या वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. लेखक प्रत्यक्षदर्शी आहे, परंतु लेखन अनेक वर्षांनंतरचे आहे. या दोन्ही गोष्टी मुलांना एकत्र सांगाव्यात.

शिक्षकाची भूमिका

पहिल्या मसुद्याला गुण देऊ नयेत. तो शेजारच्या विद्यार्थ्याने वाचावा आणि जेथे ‘का?’ असा प्रश्न पडेल तेथे खूण करावी. दुसरा मसुदा त्या खुणांची उत्तरे देण्यासाठी लिहावा. मूल घरी मराठी, रस्त्यावर बुंदेली व शाळेत हिंदी बोलत असेल, तर मुद्दे कोणत्याही भाषेत टिपू द्यावेत. विचार जुळल्यावर शाळेच्या भाषेत मांडणी करावी. तपासताना सुभाषितांपेक्षा मुद्द्यांच्या जोडणीला अधिक गुण द्यावेत. अन्यथा ज्याच्या घरी मार्गदर्शिका आहेत तोच पुढे जातो.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा व घोकंपट्टीपासून दूर जाण्याचा आग्रह धरला होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपुरती, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणाची आहे. जे मूल त्यानंतर शाळा सोडते, त्याला अर्जात आपली अडचण कारणांसह मांडण्याची शक्ती याच तीन वर्षांत मिळायला हवी. परीक्षार्थींनीही आपला एखादा जुना निबंध काढून प्रत्येक वाक्यापुढे ‘का?’ लिहून पाहावे. जेथे उत्तर सापडणार नाही, तेथून अभ्यासाला आरंभ करावा.