पायाच्या मापाचे पायडल



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोठमोठे विषय होत असतात. कोणी संतवाङ्मयावर बोलतो, कोणी लोकशाहीवर, कोणी कापसाच्या भावावर. आमचा विषय त्या मानाने फारच खालचा, अगदी पायाखालचा आहे. मोटारीचे पायडल घरच्या घरी अॅल्युमिनियमचे कसे करावे आणि कसे करू नये, याविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत. इंग्रजी पेडल आपल्याकडे आले तेव्हा लोकांनी त्याचे पायडल करून टाकले आणि त्या शब्दात आपला पाय बसवला. यंत्र आपल्या मापाचे करून घेण्याची ही पहिली पायरीच म्हणावी लागेल. पुढच्या पायरीवर आम्ही कसे घसरलो, ते आता सांगतो.

आमचे एक मामा अकोल्यास राहत. व्यवसायाने शाळामास्तर. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय आखूड राहिला. पायात जोर बऱ्यापैकी होता, फक्त लांबी कमी. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मारुती ८०० घेतली. अमरावतीस लेक दिलेली होती. शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. वाटेल तेव्हा उठावे आणि लेकीकडे जावे, एवढीच हौस. एसटीच्या उंच पायऱ्या चढताना कोणी तरी मागून ढकलावे लागे, आणि ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना आपल्या पायावर उभे राहा म्हणून सांगितले, त्याला ते ढकलणे सोसत नसे.

अडचण क्लचची होती. उजवा पाय ब्रेकवर आणि ॲक्सिलरेटरवर ठीक पडे. डावा क्लचपर्यंत पुरत नसे. सीट पुढे ओढावी तर चाक छातीला लागे. मामांनी त्यावर स्वतःच तोड काढली होती. क्लचच्या पायडलावर बाभळीचा एक ठोकळा ठेवून तो सायकलच्या ट्यूबने आवळून बांधला होता. ठोकळा दिसायला ओबडधोबड होता, पण काम देत होता.

आम्हाला हे पाहवले नाही. हातात कानस आणि ड्रिल घेण्याची आम्हाला तरुणपणापासून हौस. मामांच्या गाडीत बाभळीचे लाकूड असावे, ही आम्हाला आमचीच नामुष्की वाटली. सन २००३ च्या उन्हाळ्यात आम्ही ठरवले, की मामांना अॅल्युमिनियमचे चकचकीत पायडल करून द्यायचे.

धातूची निवड चुकीची नव्हती. आपल्या घरांत ज्याला जर्मनचे भांडे म्हणतात ते अॅल्युमिनियमच. एका घनसेंटिमीटरचे वजन २.७ ग्रॅम, पोलादाचे ७.८ ग्रॅमच्या पुढे. आम्हाला हवा असलेला ठोकळा आठ सेंटिमीटर लांब, पाच रुंद आणि सहा उंच. पोलादाचा केला असता तर तो दोन किलोंच्या जवळ गेला असता. अॅल्युमिनियमचा साडेसहाशे ग्रॅमच्या आत बसतो. पायडलाला वर खेचणारी स्प्रिंग पायडलाच्या वजनापुरतीच केलेली असते. तिच्यावर दोन किलोंचे ओझे टाकले तर क्लच पुरता वर येणार नाही आणि आतली प्लेट घासत राहील. शिवाय हा धातू घरच्या हत्यारांना वश होतो. हॅकसॉने कापता येतो, कानशीने घासता येतो. कानशीच्या दातांत त्याचा चुरा बसतो खरा, पण कानशीवर आधी खडू घासला तर तो अडकत नाही. ड्रिलच्या टोकाला रॉकेलचे दोन थेंब सोडले तर छिद्र स्वच्छ पडते. या गोष्टी आम्हाला ठाऊक होत्या, आणि थोडे ठाऊक असलेला माणूस काहीच ठाऊक नसलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो.

भंगारातून एक जाड तुकडा आणला. कापला, घासला, पॉलिश पेपरने असा उजळला की त्यात तोंड दिसावे. मग पायडलाच्या मधोमध छिद्र पाडून एकच बोल्ट घातला आणि आवळला. मामांनी पाय ठेवून पाहिला आणि प्रसन्न झाले. “बाबू, हे तं भाय झकास झालं!” असे म्हणून त्यांनी आमची पाठ थोपटली. बाभळीचा ठोकळा आम्ही परसात भिरकावून दिला.

पहिला पाऊस पडून गेल्यावर मामा अमरावतीस निघाले. शेजारी आम्ही होतो. बोरगाव मंजू मागे पडले. तेव्हा हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई. मुर्तिजापूर यायच्या आधी एका शेतातून बैलबंडी रस्त्यावर चढली. धुरकऱ्याच्या मागे दोन पोरे बसलेली होती. मामांनी क्लच दाबला आणि ब्रेककडे पाय नेला. त्याच क्षणी ठोकळा आपल्या एकुलत्या बोल्टभोवती फिरला आणि त्याचा कोपरा ब्रेकच्या पायडलावर आडवा आला. ब्रेकवर टाकलेला पाय त्या कोपऱ्यावर पडला. बुटाला काळ्या मातीचा चिखल, खाली आरशासारखा धातू. पाय सटकला. मामांनी हातब्रेक ओढला, चाक वळवले, आणि गाडी रस्ता सोडून ओल्या वावरात रुतून थांबली. बंडी पुढे निघून गेली. पोरे आमच्याकडे पाहून हसत होती. त्यांना ती गंमत वाटली.

कोणाला काही झाले नाही. झाले असते तर आम्ही आज येथे बोलायला उभे राहिलो नसतो.

मुर्तिजापुरास एका मिस्त्रीने गाडी पाहिली. ठोकळा काढून हातात फिरवला. मऊ धातूतले छिद्र दाबानेच लांबट झाले होते आणि बोल्ट त्यात हलत होता. आम्ही मान खाली घालून उभे. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, चालवाची चीज बिघडली तं माणूस पायी जाते. थांबवाची बिघडली तं कुठं जाते, सांगा.”

श्रोतेहो, पुढे आम्ही या विषयावर पुष्कळ वाचले, पण त्या वाक्यापेक्षा अधिक काही सापडले असे म्हणवत नाही. त्या वाक्याचे जे कारण शास्त्र सांगते, तेवढे मात्र आपल्यापुढे ठेवतो.

पायडल म्हणजे तरफ. ब्रेकच्या पायडलावर पाय जेवढा जोर टाकतो, तो तरफेमुळे साधारण चार ते सहा पटींनी वाढून पुढे जातो. रोजच्या चालवण्यात हा जोर थोडा असतो. पण घाबरलेला माणूस ब्रेकवर जवळजवळ उभाच राहतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः लहान शर्यतीची गाडी बांधून उतरवतात, अशी स्पर्धा अमेरिकेत १९८१ साली सुरू झाली आणि आज आपल्या देशातही तशा स्पर्धा होतात. त्यांच्या नियमांत ब्रेकच्या पायडलाने २००० न्यूटन जोर सोसला पाहिजे अशी अट आहे. म्हणजे दोनशे किलोंचे वजन एका पावलावर. ही मुले अॅल्युमिनियमचे पायडल करतात, पण आधी गणित मांडून, मग चाचणी देऊन. आम्ही फक्त पॉलिश करून पाहिले होते.

दुसरी गोष्ट थकव्याची. धातूही थकतो. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आत ठेवला तर तो कितीही वेळा वाकवला तरी टिकून राहतो. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. ताण लहान असला, तरी पुरेशा वेळा पडला की कोठे तरी केसाएवढी भेग सुरू होते. जगाला हा धडा फार महागात मिळाला. ब्रिटनचे कॉमेट हे जगातले पहिले प्रवासी जेट विमान १९५२ साली सेवेत आले. १९५४ च्या जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरे कॉमेट भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटले. मग त्याच जातीच्या एका विमानाचे धड पाण्याच्या हौदात ठेवून, उड्डाणामागून उड्डाण व्हावे तसा दाब पुन्हापुन्हा देण्यात आला, तेव्हा ते भेग पडून फाटले. क्लच तर शहरात दिवसातून शेकडो वेळा दाबला जातो.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना लागून ओले राहिले, की अॅल्युमिनियम झिजते आणि बोल्टभोवती पांढरी पूड धरते. पावसाळ्यात गाडीत चिखलाचे पाय येतात. पूड दिसली की सांधा सैल व्हायला लागला असे समजावे.

तर मग काय करावे? घरी काहीच करू नये का? आमचे म्हणणे तसे नाही. त्या प्रसंगानंतर आम्ही मामांना म्हटले, “मामा, आता तुम्ही बाभळीचाच ठोकळा बांधा, आम्ही या वाटेला जाणार नाही.” मामा चिडले. “कायले भेतं बे? पाय माझा हाये, तू फक्त माप चुकला. माप पुन्हा घे.” मास्तरच ते, चुकलेले उदाहरण खोडून पळून जाणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते.

दुसऱ्यांदा आम्ही प्रथम पुठ्ठ्याचे माप केले आणि मामांना चार दिवस उभ्या गाडीत बसवून तपासले. पायडल पूर्ण वर असताना, पूर्ण दाबले असताना आणि अर्धे असताना, तिन्ही वेळा शेजारच्या ब्रेकपासून बोटभर तरी मोकळी जागा राहते की नाही ते पाहिले. भंगारातला अनोळखी तुकडा घेतला नाही. मॅग्नेशियम आणि सिलिकन मिसळलेल्या टणक जातीची पट्टी दुकानातून जात विचारून आणली. गाडीच्या मूळ पायडलाला छिद्र पाडले नाही. एक पट्टी पुढून, एक मागून, आणि मधे मूळ पायडल चिमट्यासारखे धरून चारही कोपऱ्यांना बोल्ट घातले, म्हणजे फिरायला वावच नको. नटही आत नायलॉनचे कडे असलेले, हादऱ्याने न सुटणारे. वरचा पृष्ठभाग उजळला नाही. उलट त्यावर गाडीचे खाचांचे रबर चढवले. मग तो मिस्त्री, आणि त्याच्यानंतर परिवहन कार्यालय, असे दोघांना दाखवून गाडी रस्त्यावर आणली. ब्रेकला हात लावला नाही. तो कारखान्यातून आला तसाच राहिला.

कायद्याचाही येथे उल्लेख करायला हवा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मन मानेल तसे फेरफार करण्यास मनाई आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मात्र शारीरिक व्यंग असलेल्या माणसासाठी खास बदललेल्या वाहनाची व्याख्या कायद्यात घातली. शोभेसाठी केलेला बदल आणि गरजेसाठी केलेला बदल यांत कायद्याने फरक केला आहे. आम्ही हा फरक कायद्याच्या आधी बंडीवरच्या दोन पोरांकडून शिकलो.

मामांनी ते दुसरे पायडल अकरा वर्षे वापरले. दर पावसाळ्यानंतर आम्ही ते उघडून, पुसून, बोल्ट बदलून पुन्हा बसवत असू. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले, ते वर्तमानपत्र मामांनी घडी करून गाडीच्या कप्प्यात ठेवले होते. त्याच वर्षी त्यांनी गाडी चालवणे सोडले.

आज तो रस्ता पार बदलला आहे. महामार्गाचा क्रमांक ५३ झाला. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून जागतिक विक्रम झाला. आपल्याला त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण रस्ता जितका गुळगुळीत तितका वेग जास्त, आणि वेग जितका जास्त तितका पायाखालच्या त्या चार बोटांच्या तुकड्यावर भार जास्त. जी हौशी मुले बाजारातून चकचकीत अॅल्युमिनियमची पायडले आणून रबरावर स्क्रूने ठोकतात, त्यांनी तेवढा विचार करावा. ॲक्सिलरेटर सजवण्याची हौस आम्ही समजू शकतो. ब्रेक मात्र सजवू नये.

आणखी एक मागणे आहे. पोलिओ गेला, पण पोलिओने आखूड केलेले पाय अजून आपल्यांत आहेत. अपघाताने, आजाराने, जन्मतःच ज्यांचे माप कारखान्याच्या मापाशी जुळत नाही, असे लोक आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव सापडतील. आता क्लचच नसलेल्या गाड्या मिळतात, हाताने ब्रेक दाबायची साधनेही मिळतात. पण जुनीच गाडी परवडणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी कोणी तरी आजही लाकडाचा ठोकळा ट्यूबने बांधत असेल. अमरावतीत आणि अकोल्यात लेथ आहेत, आयटीआयमधून शिकलेली मुले आहेत, अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. त्यांनी अशा एकेका माणसाला बोलावून त्याच्या पायाचे माप घ्यावे, काम करावे, जाणत्याकडून तपासून घ्यावे आणि दर वर्षी पुन्हा उघडून पाहावे. करणाऱ्याने पहिल्या दिवशी त्या गाडीत शेजारी बसावे, ही अट आम्ही आमच्याकडून घालतो.

मामांचे पहिले पायडल, ते चकचकीत, आम्ही टाकलेले नाही. लांबट झालेले ते छिद्र तरुण मित्रांनी पाहावे म्हणून आज बरोबर आणले आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जरूर पुढे यावे.