बागेतला कर्णा आणि पावसाचे पाणी

1930 साली मद्रास महापालिकेने स्वतःची नभोवाणी सुरू केली. तेथील हौशी मंडळींनी 1924 साली काढलेला रेडिओ क्लब पैशाअभावी 1927 साली थंडावला आणि त्याचे प्रक्षेपणयंत्र महापालिकेच्या स्वाधीन झाले. घरोघर रेडिओ असण्याचे ते दिवस नव्हते. म्हणून मरिना किनाऱ्यावर व शहरातील काही बागांत कर्णे बसविण्यात आले, आणि संध्याकाळी फिरावयास आलेली माणसे वाळूवर, हिरवळीवर बसून संगीत ऐकू लागली. 16 जून 1938 रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले, तोवर ही व्यवस्था चालली. या हकीकतीत कार्यक्रमांची आठवण निघते, गायकांची निघते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात कर्ण्यांपर्यंत जाणाऱ्या तारांचे काय होत असेल, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला सुचत नाही.

आज हीच हौस अनेकांच्या अंगणात आणि वसाहतींच्या बागांत उतरली आहे. उन्हाळ्यात कर्णे बसतात, चार महिने सुरेल वाजतात, आणि आर्द्रा नक्षत्र संपण्यापूर्वी एकेक करून खरखरू लागतात. दोष कर्ण्यावर जातो. नवा कर्णा आणला जातो. तोही पुढल्या पावसाळ्यात मुका होतो. वास्तविक उघड्यावर बसविण्याजोगा चांगला कर्णा सहसा इतक्या लवकर दगा देत नाही. दगा देतो तो जोड. दोन तारांना पीळ घालून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली की काम झाले, ही आपल्याकडील सार्वत्रिक समजूत आहे. वैशाखातल्या उन्हाने त्या पट्टीचा चीक पातळ होतो, कडा सुटतात, आणि पहिल्याच सरीला पाणी आत शिरते. एकदा शिरलेले पाणी तेथेच थांबत नाही. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते तांब्याच्या बारीक तंतूंमधून, वरच्या आवरणाखालून, हातभर पुढे सरकते. म्हणूनच जोड कापून नवा केला तरी आतली तार काळवंडलेलीच निघते, आणि तिला डाख धरत नाही.

पाण्याला अडविण्यापेक्षा त्याला वाट देणे सोपे असते. छपराच्या पागोळ्या पाहिलेल्यास हे निराळे सांगावयास नको. पेटीत तार वरून कधीही घेऊ नये. ती खालून घ्यावी, आणि आत शिरण्यापूर्वी तिला वीतभर झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. जोडपेटी घट्ट बंद केली म्हणजे ती कोरडी राहील, हाही एक भ्रमच. दिवसा तापलेली आतली हवा रात्री आक्रसते, फटीफटीतून बाहेरची दमट हवा ओढून घेते, आणि पहाटे पेटीच्या आत दव साचते. त्यासाठी अनुभवी वायरमन पेटीच्या तळाला एक बारीक छिद्र ठेवतात. नवख्या मालकाला ते निष्काळजीपणाचे वाटते आणि तो ते बुजवून टाकतो!

जोड स्वतः कसा असावा? तारांना डाख द्यावा, त्यावर आतून चिकटद्रव्य लावलेली, उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. नाहीतर जेल भरलेली जोडटोपी वापरावी. फटी बुजविण्यासाठी जे सिलिकोन मिळते, त्यापैकी ज्याला सुकताना व्हिनेगरचा आंबूस वास येतो ते तांब्याजवळ लावू नये. त्यातील आम्लाने तांब्यावर हिरवा कळंक चढतो, आणि रक्षणासाठी लावलेला लेपच भक्षक ठरतो.

बाजारात पेट्यांवर आयपी 65, आयपी 67 असे आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा 5 असेल तर पाण्याचा झोत सोसण्याची हमी, आणि 7 असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडण्याची. परंतु मोठा आकडा म्हणजे सर्व परीक्षांत उत्तीर्ण, असे मानू नये. बुडवून तपासलेली वस्तू हिरवळीला पाणी घालणाऱ्या झोतापुढे टिकेलच, असे नाही.

अंतर वाढले की निराळीच अडचण उभी राहते. घरातील ध्वनिवर्धकापासून शंभर मीटरवर आठ ओहमचा कर्णा असेल आणि तार दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन येऊन तारेचाच रोध सुमारे 2.4 ओहम भरतो. शंभरातले तेवीस भाग शक्ती तार तापविण्यातच जाते. मोठ्या बागांत म्हणून शंभर व्होल्टची वाहिनी वापरतात. प्रत्येक कर्ण्यापाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, प्रवाह कमी वाहतो, आणि शंभर वॉटसाठी हीच हानी दोन-सव्वादोन भागांवर येते. मात्र ही वाहिनी ‘नुसती गाण्याची तार’ नव्हे. ओल्या हातांना तिचा झटका बसू शकतो. तिचे जोड उघडे ठेवणे अक्षम्य होय.

त्याहून भय आहे ते घरच्या 230 व्होल्टच्या विजेचे. हौसेखातर ध्वनिवर्धकच झाडाखाली नेऊन ठेवणारे लोक आहेत. चिखलात अनवाणी उभा असलेला माळी किंवा चेंडू शोधणारे पोर यांना त्याची किंमत मोजावी लागते. ध्वनिवर्धक घरातच असावा. बाहेर वीज न्यावीच लागली, तर तीस मिलिअँपिअर गळतीला तुटणारा खटका त्या वाहिनीवर असावा, आणि आवाजाच्या तारा विजेच्या तारांपासून दूर, निराळ्या नळीतून न्याव्यात. नळी पुरली म्हणजे तार कोरडी राहिली, असे नाही. पावसाळ्यात नळीत पाणी भरतेच, म्हणून तारही पाण्यात टिकणारी हवी, आणि जमिनीखाली जोड शक्यतो नकोच. माळ्याची कुदळ व घुशीचे दात यांचा विचार करून नळी हातभर खोल घालावी, आणि ती कोठून गेली याचा नकाशा माळ्याजवळही असावा. हा नकाशा बहुधा कोणीच करीत नाही.

उघड्यावर आवाज परतविणाऱ्या भिंती नसतात. अंतर दुप्पट झाले की तो सहा डेसिबलने उतरतो. म्हणून एक कर्णा मोठ्याने ओरडविण्यापेक्षा चार लहान कर्णे हळू वाजविणे बरे. शेजारही सुखी राहतो, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची जी मर्यादा घातली आहे तीही सांभाळली जाते.

सारे जुळले की परीक्षेसाठी मृगाची वाट पाहू नये. ज्येष्ठाच्या आरंभीच एखाद्या संध्याकाळी वीज बंद करून पेट्यांवर रबरी नळीने पाणी सोडावे, रात्रभर तसेच राहू द्यावे, आणि सकाळी एकेक झाकण उघडून आत बोट फिरवावे.