घरची शब्बाथशाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मुलांना ख्रिस्ती विश्वासात कसे वाढवावे, या विषयावर मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. अकरा वर्षे शब्बाथशाळेत शिकवले म्हणून त्यांना माझे नाव सुचले असावे. पण मला जे सांगायचे आहे ते त्या शाळेत घडलेले नाही. ते माझ्या घरात घडले, आणि तिथे शिक्षिका मी नव्हते.

आपल्या अहिल्यानगरच्या मंडळीला रेव्हरंड ना. वा. टिळकांचे घर काही परके नाही. ‘ख्रिस्तायन’ टिळकांनी आरंभिले. १९१९ साली ते गेले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले आणि अखेरचा अध्याय त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी लिहिला. हे आपण व्यासपीठावरून कौतुकाने सांगतो. मला मात्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दुसरेच जाणवते. १८९५ त टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा संसार मांडल्यावरही रुसवेफुगवे आणि टिळकांचा तापट स्वभाव होताच, आणि बाईंनी त्यातले काही झाकून ठेवले नाही. म्हणजे त्या घरातल्या मुलाने भांडणे पाहिली, तशी ती मिटलेलीही पाहिली. आमच्या घरात माझ्या मुलीने नुसती भांडणेच पाहिली होती.

माझ्या सासूबाई शिवणकाम करीत. त्यांचे शिवणयंत्र त्यांनी मला देऊ केले होते, निदान मी तसे समजून होते. त्या देवाघरी गेल्या आणि आठच दिवसांत यंत्र थोरल्या जाऊबाईंच्या खोलीत गेले. मी अंगणात उभी राहून, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात, नको ते बोलले. त्यानंतर दोन वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. एकच अंगण, एकच नळ, आणि मंदिरात त्या डाव्या बाकावर तर मी उजव्या! प्रभुभोजनाच्या वेळी मात्र दोघी पुढे जात होतो.

मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. दृढीकरणाचा वर्ग सुरू होता. एका शनिवारी रात्री घरच्या प्रार्थनेत यांनी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला. वेदीपाशी आलेल्या माणसाला भावाची तक्रार आठवली, तर त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, हा तो भाग. तो मी वर्गात चित्रे दाखवून कितीदा तरी शिकवला होता. मुलगी म्हणाली, “आई, मग तू आणि काकू एकाच प्याल्यातून कशा गं घेता?”

मी तिच्यावर ओरडले. मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घालू नकोस, म्हटले. ती गप्प बसली. पुढच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी मला विचारले, “मुलीने नाव का मागे घेतले?” मला काही उत्तर सुचले नाही. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना, हे मात्र आधी पाहिले. मन कसे असते पाहा!

चार दिवस मी कुढत होते. खरे सांगायचे तर राग मुलीचाच अधिक आला होता. मग वाटले, रात्री अंधारात, कोणी पाहणार नाही असे जाऊन यावे. पण भांडण भर अंगणात केले होते. क्षमा तेवढी काळोखात मागायची? म्हणून दिवसाउजेडी गेले, आणि मुलीला बरोबर नेले.

जाऊबाई त्याच यंत्रावर झबले शिवत होत्या. मी दारातूनच म्हटले, “जाऊबाई, माझं चुकलं. त्या दिवशी मी फार बोलले.” त्यांनी मान वर केली नाही. शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, आणि मग म्हणाल्या, “उभी का? चहा टाकते.” एवढेच. यंत्राचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

सारे गोड झाले असे समजू नका. मुलीने त्या वर्षी नाव दिलेच नाही. घाई केली तर आईसाठी केल्यासारखे होईल, असे तिने तिच्या वडिलांना सांगितले म्हणे. पुढल्या वर्षी ती आपण होऊन पाळकसाहेबांकडे गेली; मला ते मागाहून कळले. तिच्या दृढीकरणाचा पांढरा पोशाख जाऊबाईंनी शिवला. माप घ्यायला मुलगी जाई तेव्हा यंत्राचा आवाज ऐकून माझ्या पोटात थोडे तुटायचेच.

आता जाऊबाईंची नजर अधू झाली आहे. सुईत दोरा ओवायचा झाला की भिंतीवर थाप मारतात, आणि मी हातातले काम टाकून जाते. यंत्र अजून त्यांच्याच खोलीत आहे.