कैद आरोपीला, भरपाई कुणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आर्थिक गुन्हा उघडकीस आला की लोकांची पहिली मागणी असते ती अटकेची. अटक होते, मालमत्तेवर टाच येते, वृत्तपत्रांत कोटींचे आकडे झळकतात आणि आपले कर्तव्य संपले असे मानून शासन स्वस्थ बसते. ज्याचा पैसा गेला तो मात्र पासबुक हाती घेऊन उभाच राहतो. बीड जिल्ह्याने हे चित्र अगदी जवळून पाहिले आहे.

बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत २०२३ च्या अखेरीस ठेवी परत मिळणे थांबले. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार चार लाखांहून अधिक ठेवीदारांनी १२ ते १४ टक्के व्याजाच्या आश्वासनावर येथे सुमारे २,४६७ कोटी रुपये ठेवले होते. त्यांतील सुमारे २,३१८ कोटी कर्जाच्या नावाने चालकांशी संबंधित उद्योगांकडे वळविले गेले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण ठेवीदाराचे नुकसान त्या निवाड्यासाठी थांबलेले नाही.

‘व्याजाचा लोभ नडला’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोरडवाहू शेती आणि दरवर्षीचे ऊसतोडीचे स्थलांतर यांवर जगणाऱ्या जिल्ह्यात शासनाने नोंदलेल्या संस्थेवर विश्वास ठेवणे हा लोभ कसा? बँक बुडाली तर ५ लाख रुपयांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित असते. पतसंस्थेच्या ठेवीला ते कवच नाही. हा भेद पाटीवर लिहिलेला नसतो. शिवाय बहुराज्य संस्थेची नोंदणी दिल्लीतील केंद्रीय निबंधकाकडे. जिल्ह्यातील सहकार खात्याला तिच्यावर अधिकार नाही. परवाना देणारा दूर आणि बुडणारा येथे, अशी ही व्यवस्था आहे.

कायदे नाहीत असेही नाही. महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षण कायदा १९९९ चा; तो घटनात्मक असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली जप्त झालेली मालमत्ता खटला चालू असतानाही हक्कदारांना परत देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ नुसार गुन्ह्यातून आलेली मालमत्ता बाधितांना प्रमाणशीर वाटण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याने ते वाटप ६० दिवसांत करावयाचे असते. सहारा समूहाच्या सहकारी संस्थांतील ठेवीदारांसाठी मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५,००० कोटी रुपये वळते करण्यास सांगितले. म्हणजे मार्ग आहे. अडचण ही की एकाच मालमत्तेवर संचालनालय, राज्याचा सक्षम प्राधिकारी आणि अवसायक अशा तिघांचा हक्क पोहोचू शकतो, आणि तिघांच्या पत्रव्यवहारात ठेवीदाराचे नाव कुठेच नसते.

विलंब हाही एक प्रकारचा अपहारच होय. भाववाढ सहा टक्के धरली, तरी आज बुडालेले एक लाख रुपये बारा वर्षांनी मिळाले, तर त्यांचे मोल जेमतेम निम्मे उरते. बड्या ठेवीदारास हा तोटा सोसता येतो. ज्याची सारी पुंजीच तेवढी होती, त्याला नाही.

म्हणून मागणी केवळ शिक्षेची असून भागणार नाही. लहान ठेवी शासनाने आधी स्वतः चुकत्या कराव्यात आणि जप्त मालमत्तेच्या विक्रीतून ती रक्कम वसूल करून घ्यावी. ज्याने नोंदणी दिली त्याने दिरंगाईचा भारही उचलावा. मालमत्तेची विक्री एकाच यंत्रणेकडे असावी, आणि हिशेब दर महिन्याला जिल्ह्यात जाहीर व्हावा.

कार्यकर्त्यांचे काम तालुक्यातालुक्यांत ठेवीदारांच्या याद्या आणि पावत्यांच्या प्रती तयार करण्यापासून सुरू होते. दावाच नोंदला गेला नाही, तर वाटपाच्या दिवशी हक्क सांगणार कोण? मोर्चा एका दिवसाचा असतो; नोंदवही निकालापर्यंत टिकते.