घोडा गुण विचारत नाही



डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे राहिले; घोड्यावर चढण्या-उतरण्यास मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वारोहणाचे रौप्यपदक मिळवले. त्यांच्या यशाने युरोपात अश्वोपचाराला चालना मिळाली.

पुढे हा उपचार मनाच्या दुखण्यांसाठीही होऊ लागला. त्यात घोड्यावर बसलेच पाहिजे असे नाही. खरारा करणे, दोरी धरून त्याला चालवणे, एवढेही पुरते. घोडा हा मुळात हिंस्र श्वापदांची शिकार होणारा प्राणी. माणसाच्या अंगातला ताण तो चटकन ओळखतो व बिचकतो. त्याला जवळ आणायचे तर आधी आपणच शांत व्हावे लागते. हेच त्यातले शिक्षण होय. अर्थात गंभीर आजारात ही डॉक्टरांच्या उपचाराला जोड आहे, पर्याय नव्हे.

आपल्या वस्तीत घोडे कुठून येणार? पण नापास झालेला मुलगा घरी येतो, तेव्हा आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? घोडा गुण विचारत नाही, नुसता जवळ उभा राहतो. एवढे तरी आपण करू या. त्याने एखादा जीव वाचू शकेल.